फोली नळी आणि युरोबॅग: खेड्यातल्या घरासाठी कोणती घ्यावी, कशी सांभाळावी

लघवी तुंबली म्हणून तालुक्याला नेलेला म्हातारा माणूस घरी परत येतो तेव्हा दोन वस्तू सोबत आणतो: मूत्राशयात बसवलेली, टोकाजवळच्या पाण्याच्या फुग्याने आत टिकून राहणारी फोली नळी आणि लघवी जमा करणारी, बाजेला अडकवायची थैली, म्हणजे युरोबॅग. माहिती म्हणून बहुतेक वेळा एकच वाक्य मिळतं, ‘पंधरा दिवसांनी दाखवायला आणा.’ त्या पंधरा दिवसांत नळी तुंबते, थैली गळते, लघवी नळीच्या बाजूने झिरपते, कधी लाल दिसते, आणि घरचे लोक घाबरून रात्री गाडी शोधत फिरतात. यातलं बरंचसं टाळता येतं, कारण बिघाडाची कारणं ठरलेली आहेत.

आधी निकाल सांगून टाकू. प्रोस्टेट (पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्याने लघवी तुंबलेल्या पुरुषाला थोड्या दिवसांसाठी नळी लागणार असेल, तर सिलिकॉनचा पातळ थर दिलेली साधी लॅटेक्सची फोली आणि खाली नळ असलेली दोन लिटरची थैली पुरे आहे. पूर्ण सिलिकॉनची नळी तिच्या कितीतरी पट महाग पडते. महिन्याच्या पुढे नळी राहणार असेल, लॅटेक्सची ॲलर्जी असेल किंवा साधी नळी वरचेवर गाळाने बंद पडत असेल, तरच ते पैसे वसूल होतात. चांदीचा थर दिलेल्या नळीसाठी जास्त पैसे मोजू नका. आणि नळी कोणतीही असो, ती बसवली त्याच दिवशी काढायची तारीख डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता नळीचा नंबर. नंबर म्हणजे बाहेरची जाडी; त्याला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात. १६ नंबर म्हणजे साधारण ५.३ मिमी. बाहेरच्या तोंडाजवळ रंगीत कडं असतं, त्यावरून पाकीट फेकून दिलं असलं तरी नंबर कळतो: १२ पांढरा, १४ हिरवा, १६ नारिंगी, १८ लाल, २० पिवळा. पुरुषाला १४ किंवा १६, बाईला १२ किंवा १४ पुरतो. जाड नळीने लघवी जास्त मोकळी होते हा समज चुकीचा आहे. जाड नळी मूत्रमार्गाच्या भिंतीला घासते, तिथला नैसर्गिक स्राव अडवते आणि पुढे मार्ग आकसण्याची भीती वाढवते. २० ते २४ नंबरच्या तीन तोंडांच्या नळ्या रक्ताच्या गाठी धुऊन काढण्यासाठी असतात. त्या दवाखान्यातच वापरायच्या, घरी पाठवायच्या नाहीत.

नळीच्या बाजूने लघवी झिरपते म्हणून पुढच्या खेपेला मोठा नंबर घालायचा, ही सर्रास होणारी चूक. झिरपण्याची कारणं मुख्यतः तीन असतात. नळी आतून तुंबलेली असते. किंवा चार दिवस पोट साफ नसल्याने मळाच्या खड्यांचा दाब येतो. किंवा फुग्याने चिडलेलं मूत्राशय कळ देऊन आकसतं आणि लघवी बाजूने ढकलतं. पहिल्यात नळी बदलायची, दुसऱ्यात पोट साफ करायचं, तिसऱ्यात फुग्यातलं पाणी तपासून घ्यायचं आणि कळ थांबवणारं औषध डॉक्टरांना विचारायचं. मोठ्या नंबराने आणि मोठ्या फुग्याने ही कळ उलट वाढते.

पाकिटावरची लांबीही वाचून घ्या. बायकांसाठी आखूड नळ्या निघतात. तशी नळी चुकून पुरुषाला घातली तर तिचा फुगा मूत्राशयात पोचण्याआधी मूत्रमार्गातच फुगतो आणि मार्ग फाटतो. पुरुषाची नळी ४० सेंटिमीटरच्या आसपास लांब असते.

फुग्याची ही रचना फ्रेडरिक फोली या अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञाने १९३० च्या दशकात आणली आणि आजही ती तशीच आहे: एका नळीत दोन वाटा, मोठीतून लघवी बाहेर येते आणि बारीक वाटेने फुग्यात पाणी जातं. नंतर बदल झाले ते मुख्यतः नळीच्या थरात. जंतू बसू नयेत म्हणून चांदीचा थर, जंतुनाशक औषधाचा थर अशा महागड्या नळ्या आल्या. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत ७,१०२ रुग्णांवर या नळ्यांची समोरासमोर तुलना झाली आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. थोड्या दिवसांसाठी नळी घातलेल्यांपैकी लक्षणांसह जंतुसंसर्ग साध्या नळीत १२.६ टक्के जणांना झाला, चांदीच्या नळीत १२.५ टक्के. फरक जवळपास शून्य. नायट्रोफ्युराझोन या औषधाचा थर असलेल्या नळीत प्रमाण १०.६ टक्के होतं, पण उपयोगाची म्हणावी एवढी घट म्हणून संशोधकांनी आधीच ठरवलेली ३.३ टक्क्यांची रेघ तिनेही ओलांडली नाही, वर त्या नळीचा त्रास रुग्णांना जास्त झाला. दुकानात कोणी ‘ही इन्फेक्शन होऊ देत नाही’ म्हणून चांदीची नळी पुढे केली, तर हा आकडा लक्षात असू द्या.

किमतीबद्दल थोडंसं. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत आणि कंपनीला वर्षभरात छापील किंमत १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. छापील किंमत ही कमाल किंमत असते, त्याहून कमी मागण्यात काही गैर नाही. तालुक्याच्या दोन दुकानांत विचारा.

फुग्याकडे घरचे लोक लक्ष देत नाहीत, पण अर्धी दुखणी तिथूनच निघतात. पाकिटावर फुग्याचं माप छापलेलं असतं, ‘५–१५ मिली’ किंवा ‘३० मिली’. घरी न्यायच्या नळीसाठी पहिला फुगा घ्या आणि त्यात १० मिली निर्जंतुक पाणी भरायला सांगा, म्हणजे इंजेक्शनसाठी मिळतं ते पाणी. सलाईन भरू नये. त्यातलं मीठ बारीक वाटेत खडे धरतं आणि काढायच्या दिवशी फुगा उतरत नाही. हवा भरली तर फुगा लघवीवर तरंगतो आणि नळीची भोकं लघवीच्या वर राहतात. घरी येऊन नळी बदलणाऱ्याने माठातलं किंवा बोअरचं पाणी भरलं तर तेही चालणार नाही, आणि अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर मुळीच नाही. पाणी फार कमी भरलं की फुगा एका बाजूला कलतो आणि नळीचं टोक मूत्राशयाच्या भिंतीत रुततं. त्यातून थोडं रक्त येतं, कळही येते.

नळी घालताना लघवी दिसली की लगेच फुगा फुगवायचा नसतो. बाहेरच्या टोकाला नळीचे दोन फाटे होतात, तिथपर्यंत ती पूर्ण आत सरकवून मगच पाणी भरायचं. पाणी भरताना रुग्ण ओरडला तर थांबायलाच हवं, कारण त्या वेळी फुगा बहुधा चुकीच्या जागी असतो. हे काम शिकलेल्या सिस्टरचं किंवा डॉक्टरचं आहे. घरच्यांनी मात्र शेजारी उभं राहून एवढं पाहायला हरकत नाही.

लॅटेक्सला तेलाचं वावडं आहे. नळीच्या तोंडाशी आग होते म्हणून खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा हळदीचं तेल लावलं की लॅटेक्स सैल पडतं आणि फुगा आत फुटू शकतो. बाहेरून दिवसातून दोनदा साधा साबण आणि पाणी एवढंच लागतं. पावडर नको, डेटॉल नको. पुरुषाची कातडी मागे सरकवून धुतली तर धुऊन झाल्यावर ती पुन्हा पुढे आणायची. हे विसरलं की काही तासांत कातडी मागे आवळून बसते, टोक सुजतं, आणि मग ते दवाखान्यात नेल्याशिवाय सुटत नाही. सेवा करणाऱ्या सुनेला हे सांगायला संकोच होतो आणि तिला विचारायलाही; म्हणून हे काम मुलाने किंवा नातवाने अंगावर घेतलेलं बरं.

सिलिकॉनच्या नळीची वेगळी तऱ्हा आहे. तिची भिंत पातळ, त्यामुळे त्याच नंबरात आतली वाट मोठी, आणि गाळाने बंद व्हायला ती थोडा जास्त वेळ घेते. मात्र तिच्या फुग्यातलं पाणी आठवड्यागणिक हळूहळू झिरपून कमी होतं, म्हणून महिन्या-दीड महिन्यात नळी आपोआप बाहेर घसरू शकते. काढताना तिच्या फुग्याला सुरकुत्या पडून कडा तयार होते आणि ती मार्गाला ओरखडते. सिस्टरने सिरिंजने जोर लावून पाणी ओढण्यापेक्षा सिरिंज लावून ठेवून पाणी आपसूक येऊ दिलं, आणि शेवटी अर्धा मिली परत आत सोडला, तर हा त्रास कमी होतो. साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवडे चालते, पूर्ण सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत. पाकिटावर कमी मुदत छापलेली असेल तर तीच पाळायची.

नळी मांडीला चिकटवायची असते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात नेमकं हेच जमत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या घरात चिकटपट्टी घामाने तासाभरात सुटते, नळी लोंबते, उठताना-बसताना ओढली जाते आणि लघवीत रक्त उतरतं. जमणारी पद्धत अशी. मांडी साबणाने धुऊन कोरडी करा, केस असतील तर कात्रीने बारीक करा, वस्तरा नको. कापडी चिकटपट्टीचा चार बोटं रुंद तुकडा थेट कातडीवर लावा. दुसरी पट्टी नळीभोवती अशी गुंडाळा, की नळीखाली पट्टीचे दोन थर एकमेकांना चिकटून छोटी मान तयार होईल, आणि त्या पट्टीचे दोन्ही पंख पहिल्या तुकड्यावर दाबा. नळी कातडीवर दाबली जात नाही आणि मान थोडी हलती राहते. मांडीवरची पट्टी आणि नळी शरीरातून बाहेर येते ती जागा यांच्यामध्ये नळीला दोन-तीन बोटं ढील ठेवा. रोज पट्टी बदलताना मांडीही बदला.

थैली घेताना चार गोष्टी हाताने तपासता येतात. पहिली, खालचा नळ. काही थैल्यांना ओढून उघडायची तोटी असते, काहींना आडवा फिरवायचा नळ. आडवा नळ घ्या. ओढायची तोटी म्हाताऱ्या हातांना जड जाते आणि अर्धवट बंद राहिली की रात्रभर थेंब थेंब गळते. दुसरी, वरच्या तोंडाशी लघवी परत जाऊ न देणारा पडदा. थैली आडवी दाबून पाहिली की हवा वर जाते की नाही ते कळतं. तिसरी, नळी. ती बोटाने वाकवून पाहा. पातळ पीव्हीसीची नळी उन्हाने मऊ पडली की बाजेच्या कडेवर दुमडते आणि तिथेच बंद होते. चौथी, अडकवायचा आकडा. दोन भोकांना दोरी बांधायची थैली बाजेवर कलते, प्लास्टिकच्या रुंद आकड्याची सरळ लटकते. थैलीवर छापलेली मिलिलिटरची मापं अंदाजापुरती समजा. डॉक्टरांनी लघवी मोजायला सांगितली असेल तर मापाचा डबा वापरा.

थैली नेहमी मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीच्या वर राहिली पाहिजे. ऐकायला सोपं, पण खेड्यातल्या घरात हे दोन्ही एकदम साधणं कठीण. खाली अंथरूण घालून झोपणाऱ्याला उतार मिळतच नाही, म्हणून नळी आहे तोवर त्याला बाजेवरच झोपवा. बाज बुटकी असेल आणि थैली टेकत असेल तर चारही पायांखाली विटा लावा. नळीचा जास्तीचा भाग बाजेखाली झोळीसारखा लोंबू देऊ नका. त्या झोळीत लघवी साचते, तिच्या मागे हवा अडकते आणि वरचा प्रवाह थांबतो. थैली कोरडी आणि ओटीपोट फुगलेलं, असं दिसलं की ‘किडनी बंद पडली’ म्हणून घाबरण्याआधी ही झोळी पाहा. नळी सरळ केली की पुष्कळदा अर्धा लिटर धो-धो खाली येतं. जास्तीची नळी गादीवर सपाट गोल करून ठेवावी आणि तिथून ती सरळ खाली थैलीत सोडावी.

चालतानाची मोठी चूक म्हणजे लोकांना दिसू नये म्हणून थैली कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवणं. खांदा मूत्राशयाच्या हातभर वर. थैलीतली शिळी, जंतूंनी भरलेली लघवी नळीतून परत आत जाते; पडदा असला तरी नळीतली लघवी उलटतेच. पिशवीत घाला, लाज वाटणं स्वाभाविक आहे, पण पिशवी हातात मांडीच्या खाली धरा. एसटीत ती मांडीवर घेऊन बसू नका, पायाशी सरळ लटकेल अशी बांधा. रोज वावरात किंवा चौकात जाणाऱ्यासाठी पायाला बांधायची लहान थैली मिळते, ५०० ते ७५० मिलीची. धोतर-पायजम्यात ती दिसत नाही. तीन-चार तासांनी रिकामी करावी लागते आणि रात्री तिच्या खालच्या तोंडाला मोठी थैली जोडतात. चालता-फिरता माणूस नुसता नळी लागली म्हणून बाजेवर पडून राहतो, त्यापेक्षा ही लहान थैली फार चांगली.

थैली दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. पूर्ण भरलेली दोन लिटरची थैली दोन किलोंची होते आणि ते सगळं ओझं नळीवर येतं. आधी हात साबणाने धुवा, नळाचं टोक भांड्याला किंवा संडासाच्या भांड्याला टेकू देऊ नका, बंद केल्यावर टोक स्वच्छ कापडाने पुसा. नळी आणि थैली यांचा जोड उगाच उघडायचा नाही. जोड बंद ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना ठरलेला उपाय आहे. पूर्वी नळीचं तोंड उघड्या बाटलीत सोडत, तेव्हा चार दिवसांत जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडत. बंद थैली आल्यावर हे प्रमाण दिवसाला ३ ते ७ टक्क्यांवर आलं. थैली आठवड्याने बदला. आतून सॅव्हलॉन घालून खळाळणं, तीच थैली महिनाभर चालवणं हे नको.

दिवसाला ३ ते ७ टक्के, याचाच दुसरा अर्थ असा की महिनाभर नळी राहिली तर लघवीत जंतू असणारच. ताप नाही, थंडी नाही, कंबरेत दुखत नाही, माणूस नीट जेवतो आहे, तर नुसत्या ‘पस सेल’च्या (लघवीतल्या पूपेशींच्या) रिपोर्टवर प्रतिजैविकं देऊ नयेत. जंतू जात नाहीत, औषधाला न जुमानणारे मागे उरतात, आणि खरा ताप येतो तेव्हा साध्या गोळ्या लागू पडत नाहीत. ताप आणि थंडी आली तर मात्र घरी थांबू नका. त्या वेळी तपासणीसाठी लघवी थैलीतून घेतात ती चूक आहे. थैलीत जंतू वाढलेले असतात आणि जुन्या नळीच्या भिंतीवरही त्यांचा थर असतो. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलायची, आणि नव्या नळीतून आलेली लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, द्यायची. प्रयोगशाळेचा माणूस थैलीचा नळ उघडायला लागला तर त्याला नम्रपणे थांबवा.

गाळाने नळी बंद पडण्यामागे बहुतेक वेळा प्रोटियस नावाचा जंतू असतो. तो लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियमचे फॉस्फेट खडे बसतात. बदलून काढलेली नळी उभी चिरून पाहिली तर टोकाशी आणि भोकांत पांढरा, चुरचुरणारा थर दिसतो, चहाच्या किटलीत बसतो तसा. असा थर दिसला तर पुढची नळी तुंबायची वाट पाहू नका. मागची किती दिवसांनी बंद पडली ते लिहून ठेवा आणि पुढची दोन-तीन दिवस आधीच बदला.

यावर कार्डिफ विद्यापीठात डेव्हिड स्टिकलर यांच्या गटाने पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांना दिसलं ते असं: पाणी भरपूर प्यायलं आणि सोबत सायट्रेट (लिंबू-संत्र्यातलं आंबट द्रव्य) गेलं, तर खडे बसायला लघवी आणखी अल्कधर्मी व्हावी लागते, म्हणजे गाळ उशिरा धरतो. त्यांनी लिंबाचा रस वापरला. आपल्याकडे तर काटोल, वरूड, मोर्शीची संत्री दारात आहेत; आंबिया बहार आणि मृग बहार मिळून हिवाळाभर संत्री मिळतात, उन्हाळ्यात लिंबू. दिवसभरात थोडं थोडं लिंबूपाणी, साखर टाळून, आणि एकूण पाणी एवढं की थैलीत दिवसाला दीड ते दोन लिटर फिकट पिवळी लघवी जमावी. पारा ४५ च्या पुढे असतो तेव्हा घामात किती पाणी जातं ते कळत नाही, म्हणून किती प्यायलं हे मोजण्यापेक्षा थैलीत किती आलं हे मोजा. हृदय कमजोर असेल तर किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. किडनी खराब असेल तर संत्र्याचा रस त्यांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं. लघवी तुंबेल म्हणून पाणीच तोडायचं हे मात्र घातक आहे. नळी असताना पाणी तोडलं की गाळच वाढतो.

एखाद दिवशी थैली जांभळी दिसेल. लघवी नाही, थैलीचं प्लास्टिकच जांभळं-निळं होतं. पोट साफ नसलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसात हे जास्त दिसतं. आतड्यात तयार झालेलं एक द्रव्य लघवीत उतरतं, तिथले जंतू त्याचे निळा आणि लाल असे दोन रंग करतात आणि ते पीव्हीसीत मुरतात. कोणी काही केलेलं नसतं आणि रंगाने जीवाला धोका नसतो. पोट साफ करा, नळी-थैली बदलून घ्या, ताप असेल तर दाखवा.

नळीऐवजी दुसरं काही घेता येईल का, हेही विचारायला हवं. लघवी धरता येत नाही पण मूत्राशय पूर्ण रिकामं होतं, अशा पुरुषाला बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटर चांगला. आत काही जात नाही, त्रास कमी. तो रोज बदला आणि भोवती साधी चिकटपट्टी गोल आवळू नका, रक्त अडतं. पण इथे एक मोठा धोका आहे. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी सतत थेंब थेंब गळते, ती पुष्कळदा मूत्राशय काठोकाठ भरून वाहिल्यामुळे. ‘बाबांना लघवी धरवत नाही’ म्हणून त्यांना कंडोम कॅथेटर लावला तर अंथरूण कोरडं राहतं आणि आत तुंबलेल्या दाबाने किडन्या खराब होत राहतात. आधी सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर किती उरते ते पाहून घ्या.

ज्यांचं मूत्राशयच कायमचं कमजोर आहे त्यांच्यासाठी दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः साधी, फुगा नसलेली नेलाटन नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर घ्यायची पद्धत आहे. मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की त्यासाठी निर्जंतुक हातमोजे लागत नाहीत, स्वच्छ धुतलेले हात पुरतात. मूत्राशय फार ताणू न देणं जास्त महत्त्वाचं. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर साठू देऊ नये. कायमची फोली बाळगण्यापेक्षा हे कितीतरी बरं आणि स्वस्तही. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात दाखवायला गेलात तर शिकवण्याबद्दल स्वतःहून विचारा. म्हाताऱ्या माणसाला जमणार नाही असं आधीच धरून चालू नका.

आता नळी काढायची तारीख. प्रोस्टेटमुळे एकाएकी लघवी तुंबली असेल तर नळी पंधरा दिवस ठेवलीच पाहिजे असं नाही. प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करणारी, अल्फा ब्लॉकर गटातली गोळी सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात. या गटातली अल्फुझोसिन १० मिग्रॅ देऊन नळी काढली तेव्हा सुमारे ६२ टक्के पुरुषांना स्वतः लघवी झाली, औषध नसलेली नुसती खोटी गोळी दिलेल्यांत ४८ टक्के. याच गटातल्या टॅमसुलोसिनच्या एका लहान चाचणीत हे आकडे ४८ आणि २६ होते. नळी जेवढी रेंगाळते तेवढे जंतू, गाळ आणि रक्त यांची शक्यता वाढते, म्हणून बसवतानाच ‘गोळी कधीपासून आणि नळी कधी काढायची’ हे दोन्ही विचारा. सुरुवातीला खूप लघवी साचलेली असेल, किडनीवर ताण आला असेल किंवा ताप असेल तर डॉक्टर जास्त दिवस ठेवतील, ते बरोबर आहे.

टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ रोज ठरलेल्या जेवणानंतर घ्यायची. उठताना चक्कर येऊ शकते. रात्री लघवीला उठताना आधी बाजेच्या कडेला मिनिटभर बसा. डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगाच. या गोळीने बुबुळाचा पडदा ऑपरेशनच्या वेळी लुळा पडतो. आधी माहीत असेल तर ते तयारीने करतात. आणि सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी त्यातली औषधं प्रोस्टेटच्या माणसाची लघवी तुंबवतात, आणि काढलेली नळी पुन्हा घालावी लागते.

काढण्याआधी दोन दिवस नळीला दोरा बांधून ‘मूत्राशयाला सवय लावतात’. याने फायदा होतो असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि दोरा सोडायचा विसर पडला तर कळा आणि ताप येतो. बांधू नका. फुगा उतरत नसेल तर नळी कात्रीने कापू नका, ओढूही नका. तसंच दवाखान्यात न्या.

नळी सकाळीच काढून घ्या, शक्यतो आठच्या आत, आणि तालुक्यातच थांबा. दर तासाला एक ग्लास पाणी, एकदम तांब्याभर नाही. प्रत्येक लघवी डब्यात मोजा. दीडशे-दोनशे मिलीची धार दोन-तीनदा आली आणि सोनोग्राफीत मागे थोडीच उरली, तर घरी जा. चार ते सहा तासांत काहीच झाली नाही, किंवा पन्नास-पन्नास मिली थेंबाथेंबाने येते आणि ओटीपोट टणक होत आहे, तर दुपारीच डॉक्टरांना सांगा. त्या वेळी सिस्टर हजर असते, नवी नळी घालता येते, आणि गावाकडची शेवटची एसटी अजून सुटलेली नसते.